छताला किती भोकं पाडायची?

फॉल्स सीलिंगचं काम संपत आलं की घरातला सर्वांत मोठा निर्णय घोड्यावर चढलेल्या माणसाच्या हातात जातो. घोडा म्हणजे रंगारी-वायरमनची घडीची शिडी. वर ड्रिलला होल कटर लावून वायरमन उभा, आणि खाली गृहस्थ, वहिनी, इंटिरियरवाला आणि 'सहज डोकावलो' म्हणत आलेले शेजारचे काका. "साहेब, किती मारू?" असा प्रश्न वरून येतो. आठ की बारा, यावर खाली परिषद भरते. या प्रश्नाचं उत्तर गणिताने काढता येतं, पण वायरमनला सहा वाजता दुसऱ्या साइटवर पोचायचं असतं. "मारा बारा," असं गृहस्थ म्हणतात. आठ मारले आणि कमी पडले तर पुन्हा धूळ कोण काढणार?

गणित तसं सातवीतल्या मुलाच्या आवाक्यातलं आहे. १० बाय १२ची खोली म्हणजे साधारण ११ चौरस मीटर. गप्पा मारायला, टीव्ही बघायला, पाहुण्यांना चहा द्यायला १५० लक्स उजेड पुरतो. एक लक्स म्हणजे चौरस मीटरभर जागेवर पडलेला एक ल्युमेन. अकरा गुणिले दीडशे, झाले १६५०. भिंती, पडदे, धूळ आणि वहिनींनी हौसेने घेतलेला चॉकलेटी सोफा आपापला वाटा खाणार, म्हणून दिव्यांतून अडीच हजार ल्युमेन निघावेत असं धरू. १० वॅटचा बऱ्यापैकी डाउनलाइट ९०० ल्युमेन देतो. म्हणजे तीन पुरे. कोपऱ्याला वाईट वाटू नये म्हणून चार. बारा लावले की हिशेब १०,८०० ल्युमेनवर जातो आणि खोलीत साडेसहाशे लक्सच्या आसपास उजेड पडतो. ऑफिसातल्या लिहिण्या-वाचण्याच्या टेबलाला ५०० लक्स धरतात. थोडक्यात, भाऊबीजेला आलेला भाऊ ऑडिटला बसलेल्या सीएपेक्षा जास्त उजेडात ओवाळून घेतो.

पुढे काय होतं तेही ठरलेलं. वास्तुशांतीच्या दिवशी बाराच्या बारा लागतात, फोटो निघतात, ते नातेवाइकांच्या ग्रुपवर जातात. दुसऱ्या दिवसापासून चार लागतात. आठ बटणांच्या बोर्डावर ते चार नेमके कोणत्या बटणाचे, हे शोधताना बाकीचेही रोज एकदा उजळून जातात, तेवढाच त्यांना व्यायाम. आणि महिन्याभरात भिंतीवर गुपचूप एक ट्यूबलाइट येते, कारण आजींना पोथी दिसत नाही. "खरा उजेड हिचाच," असं आजी म्हणतात. २० वॅटची एलईडी बॅटन २००० ल्युमेनच्या आसपास देते, म्हणजे त्या खोलीच्या गरजेचा मोठा वाटा ती एकटीच उचलते. आजींनी आकडेमोड न करता बरोबर उत्तर काढलेलं असतं आणि लाखभराचं सीलिंग वर टांगून राहिलेलं असतं.

दिवे घ्यायला मंडळी पुण्यात तपकीर गल्लीत जातात, मुंबईत लोहार चाळीत. दुकानात एका फळीवर वीस-पंचवीस नमुने शेजारी शेजारी पेटवून ठेवलेले असतात आणि गिऱ्हाईक मान वर करून, डोळे किलकिले करून त्यांच्याकडे टक लावून बघतं. ज्याच्याकडे बघवत नाही तो दिवा 'पॉवरफुल' ठरतो आणि तोच बांधून दिला जातो. त्या दिव्याखाली हात धरून हाताचा रंग कसा दिसतो हे कुणी बघत नाही. घरी गेल्यावर दिव्याकडे कुणी बघणार नसतं. बघायचं असतं ते त्याखालच्या ताटाकडे, पुस्तकाकडे, माणसाच्या चेहऱ्याकडे. पण दुकानात ताट, पुस्तक नसतं आणि दुकानदाराच्या चेहऱ्यावरून दिव्याची पारख करणं बरं दिसत नाही.

"वॅट किती?" हा पहिला प्रश्न. खरं म्हणजे वॅट हा दिव्याचा आहार आहे. कामाचा आकडा ल्युमेनचा. जुन्या पिवळ्या बल्बच्या काळात सगळ्यांचा आहार आणि काम एकाच मापात चालायचं, त्यामुळे साठचा बल्ब आणि शंभरचा बल्ब एवढी भाषा पुरे होती. आता १० वॅटचा एक डाउनलाइट ६०० ल्युमेन देतो आणि दुसरा १०००. दोघांच्या खोक्यांवर दहाचा आकडा ठळक असतो. ल्युमेन एकाच्या खोक्यावर बाजूला बारीक अक्षरात असतात. दुसऱ्याच्या खोक्यावर नसतातच, त्याऐवजी सूर्याचं चित्र असतं.

एलईडी म्हणजे स्वस्तच असणार, ही समजूत रुजण्यामागे सरकारी पुण्याईही आहे. ५ जानेवारी २०१५ला 'उजाला' योजना सुरू झाली आणि देशभरात ३६ कोटींहून जास्त एलईडी बल्ब वाटले गेले. २०१४च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत जो बल्ब ३१० रुपयांना पडत होता, तो २०१६मध्ये ३८ रुपयांवर आला. इतक्या जोरात भाव पडलेला पाहिल्यावर, डाउनलाइटचे सातशे रुपये सांगणारा दुकानदार गिऱ्हाइकाला दरोडेखोर वाटतो. शेजारच्या गाळ्यात तसाच गोल, तसाच पांढरा दिवा दीडशेला मिळतो. छतात बसवल्यावर दोघांची फक्त गोल कडच दिसते, हे खरं. फरक कडेच्या मागे असतो.

रंगांच्या बाबतीत मराठी बायका शास्त्रज्ञांच्या पुढे आहेत आणि याचा पुरावा कुठल्याही मॅचिंग सेंटरमध्ये मिळतो. साडीवर ब्लाउजपीस ठेवला, दुकानदार म्हणाला "एकदम सेम", तरी बाई दोन्ही कापडं उचलून थेट फुटपाथवर येते आणि उन्हात धरते. दुकानात जुळलेले दोन रंग रस्त्यावर भांडायला लागतात. या प्रकाराला विज्ञानात मेटामेरिझम म्हणतात. मॅचिंग सेंटरवाला त्याला "उजेडात तसंच दिसतं, ताई" म्हणतो. दिवा रंग किती खरे दाखवतो याचं माप म्हणजे सीआरआय. शंभरपैकी गुण, जुना पिवळा बल्ब आणि हॅलोजन जवळजवळ पैकीच्या पैकी, साधा एलईडी ८०, चांगला ९०च्या वर.

या ८० गुणांत एक गोम आहे. सीआरआयची सरासरी काढतात ती आठ फिकट, सौम्य रंगांवर. नववा नमुना गडद लाल, त्याला आर-नाइन म्हणतात, आणि तो सरासरीत धरलेलाच नाही. दहावीच्या 'बेस्ट ऑफ फाइव्ह'मध्ये अडचणीचा विषय बाजूला ठेवून टक्केवारी सुधारते, तसाच हा प्रकार. ८० गुण मिळवणाऱ्या कित्येक एलईडींचे लाल रंगातले गुण शून्याच्या आसपास असतात, काहींचे तर उणे. मराठी घरातून लाल काढून बघा: कुंकू, जास्वंद, टोमॅटोचं सार, लोणच्याचा खार, पैठणीचा काठ आणि माणसांच्या गालांवरची जी काही लाली शिल्लक असेल ती. अशा दिव्याखाली तांबडा रस्सा तपकिरी दिसतो आणि सुदृढ माणसाला "बरं वाटत नाही का?" असं विचारलं जातं.

लालाचा दुष्काळ का पडतो, याचं उत्तर दिव्याच्या जन्मात आहे. पांढरा एलईडी मुळात निळा असतो. जपानमध्ये अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांनी निळा एलईडी साधला. नाकामुरांनी १९९३मध्ये निचिया कंपनीत तो लख्ख करून दाखवला आणि २०१४चं भौतिकशास्त्राचं नोबेल तिघांना मिळालं. त्या निळ्या चिपवर पिवळ्या फॉस्फरचा थर दिला की निळं आणि पिवळं मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. चिप उघडी दिसणारा सीओबी दिवा बंद असताना आत डोकावलं तर तो पिवळा ठिपका दिसतो. निळा भरपूर, पिवळा भरपूर, लाल नावाला. लाल आणायचा तर आणखी फॉस्फर मिसळावा लागतो, त्याला पैसे पडतात आणि ल्युमेनही थोडे घटतात. म्हणून खोक्यावर सीआरआय ९० असेल तर तो दिवा वॅटमागे थोडा कमी उजेड देईल. त्याबद्दल दुकानदाराशी वाद घालू नये.

सराफांना हे सगळं आधीपासून ठाऊक आहे. त्यांच्या पेढीत सोन्याच्या कपाटात पिवळसर दिवे असतात आणि हिऱ्यांच्या कपाटात निळसर पांढरे. दागिना आणि दिवा यांची जोडी दुकानात जुळलेली असते. घरी फक्त दागिना येतो.

आता पिवळा की पांढरा, हा प्रश्न. यावर घरात जितका वाद होतो तितका मुलाच्या शाखेवरूनही होत नाही. खोक्यावर ३०००, ४००० आणि ६५०० केल्विन असे आकडे असतात. आकडा जितका मोठा तितका प्रकाश थंड आणि निळसर, हे उलटं वाटतं आणि म्हणून कुणाच्या लक्षात राहत नाही. वडिलांना ६५०० हवा, कारण त्यांचं आयुष्य पांढऱ्या ट्यूबखाली गेलं आणि पिवळा उजेड म्हणजे व्होल्टेज कमी, ही त्यांची ठाम समजूत आहे. मुलीला ३००० हवा, कारण हॉटेलात तसा असतो. फिलिप्समधल्या क्रुइटहॉफ यांनी १९४१मध्येच मांडलं होतं की उजेड कमी असेल तर पिवळसर सुखावतो आणि कमी उजेडात निळसर पांढरा उदास वाटतो. पण क्रुइटहॉफना मराठी वडिलांशी चर्चा करायची वेळ आली नव्हती. ४०००वर तह होऊ शकतो आणि स्वयंपाकघर, अभ्यासाची खोली यांना तो शोभतोही. तरी बहुतेक घरांत तह होतो तो निराळ्याच वस्तूवर.

ती वस्तू म्हणजे 'थ्री-इन-वन'. एकदा बटण दाबलं की पांढरा, बंद करून झटकन पुन्हा दाबलं की पिवळा, तिसऱ्यांदा मधला. काहींत तिसऱ्यांदा थेट निळा किंवा गुलाबी. प्रत्येक दिव्यातल्या सर्किटने आपण कितव्या रंगावर आहोत हे लक्षात ठेवायचं असतं. बंद-चालूतलं अंतर जरा चुकलं की काहींच्या ते लक्षात राहतं, काहींच्या राहत नाही. पावसाळ्यात लाइट दोन-तीनदा जाऊन आली की हॉलमध्ये पाच पांढरे, दोन पिवळे आणि देवघराच्या वर एक गुलाबी अशी आघाडी स्थापन होते. मग गृहस्थ बटणापाशी उभे राहून टक-टक करत सगळ्यांना एका मतावर आणण्याचा प्रयत्न करतात. जेवण निवतं.

एकाच आकड्याचे दिवेही एका रंगाचे नसतात, हे आणखी एक दुखणं. दोघांवर ३००० लिहिलेलं, पण एक लोण्याकडे झुकलेला आणि दुसरा हिरवटपणाकडे. कोडॅकच्या डेव्हिड मॅकअॅडम यांनी १९४२मध्ये मोजून ठेवलं की रंगात किती फरक पडला तर माणसाच्या डोळ्याला कळतो. त्यांच्या त्या लंबवर्तुळांवरून आजही दिव्यांची प्रतवारी होते. चांगले उत्पादक तीन पायऱ्यांच्या आतले दिवे एका खोक्यात घालतात, तेवढा फरक सहसा जाणवत नाही. बाकीचे, जे हाताला लागेल ते.

मग झोत. दिव्यातून उजेड किती अंशांत पसरतो हा आकडा विचारणारं गिऱ्हाईक दुकानदाराला वर्षात एखादं भेटत असावं. ९ फुटांवरच्या छतातून अडीच फूट उंचीच्या जेवणाच्या टेबलावर ३६ अंशांचा झोत सोडला तर चार फुटांचं वर्तुळ पडतं. टेबल उजळतं आणि माणसं त्याच्याभोवती येतात. २४ अंशांचा सोडला तर वर्तुळ तीन फुटांच्या आत येतं, आमटी दिसते पण वाढणारीचा हात अंधारातून येतो. १२० अंशांचा स्लिम पॅनल अख्ख्या खोलीत सारखा पसरतो, कशाचीही सावली नीट पडू देत नाही आणि बसल्या जागी डोळ्यांत जातो. अमेरिकेत रिचर्ड केली नावाचे प्रकाशयोजनाकार होऊन गेले, न्यूयॉर्कच्या सीग्रॅम बिल्डिंगची प्रकाशयोजना त्यांची. १९५२मध्ये त्यांनी उजेडाचे तीन प्रकार सांगितले: सगळीकडे पसरलेला मंद उजेड, एका जागी एकवटलेला उजेड आणि डोळ्यांना सुखावणारी चमचम. आपल्या हॉलमध्ये या तिन्ही गोष्टींसाठी तोच एक पॅनल बारा वेळा वापरतात.

स्वयंपाकघरात तर मजाच. आराखड्यात देखणं दिसतं म्हणून दिवे खोलीच्या मधोमध, एका रांगेत. स्वयंपाक करणारी व्यक्ती ओट्याकडे तोंड करून उभी राहते, म्हणजे दिवा तिच्या पाठीशी. कांद्यावर पडते ती तिच्या डोक्याची सावली. दिवे ओट्याच्या कडेच्या सरळ वर घेतले असते तर काम झालं असतं, पण तिथे "सिमेट्री बिघडते". सिमेट्री सांभाळणारे इंटिरियरवाले स्वतः कांदा चिरत असतील असं वाटत नाही. बेडरूममध्ये हेच नेमके उशीच्या वर दिवा देतात. पाठीवर निजलेल्या माणसाच्या डोळ्यांत १२ वॅट सरळ उतरतात आणि नुकत्याच घरी आलेल्या बाळाला तर कूसही बदलता येत नाही. चिप आत खोल बसवलेला, काळ्या किंवा गडद कडेचा अँटिग्लेअर दिवा याच कामासाठी असतो. तो दुकानाच्या फळीवर सगळ्यांत मंद दिसतो, त्यामुळे खपत नाही.

गिऱ्हाईक मोबाइल काढून स्लो-मोशनमध्ये पेटलेल्या दिव्याचं चित्रण करायला लागलं की दुकानदार सावध होतो. आपली वीज सेकंदाला ५० आवर्तनं करते, त्यामुळे हलक्या ड्रायव्हरचा, म्हणजे दिव्याला वीज पुरवणारं सर्किट हलकं असलेला दिवा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतो. डोळ्याला ते दिसत नाही, काहींच्या डोक्याला मात्र कळतं आणि संध्याकाळी ते दुखायला लागतं. मोबाइलच्या पडद्यावर असा दिवा धडधडताना दिसतो. चांगल्या ड्रायव्हरचा दिवा शांत राहतो. चाचणी फुकट आहे, अर्ध्या मिनिटाची आहे आणि दुकानदाराने चहा मागवण्याआधी उरकावी. चहा प्यायल्यावर माणसाला नाही म्हणवत नाही.

बंद केलेला दिवा रात्री मंद मिणमिणत राहतो, ही तक्रारही नेहमीची. घरातलं कुणी तरी वास्तूबद्दल बोलतं, कुणी पितरांची आठवण काढतं. कारण बहुधा भिंतीतच सापडतं: बटण फेजऐवजी न्यूट्रलवर जोडलेलं असतं किंवा बटणातला लाल इंडिकेटर आपल्यापुरता थेंबभर करंट दिव्याकडे पाठवत राहतो. वायरमनला बोलावलं की उपाय होतो. भटजींनाही बोलावलेलं असेल तर श्रेय कुणाला द्यायचं हा प्रश्न उरतो.

खोक्यावरचा सर्वांत करमणुकीचा आकडा मात्र आयुष्याचा: ५०,००० तास. रोज सहा तास लावला तर जवळजवळ तेवीस वर्षं. तेवीस वर्षं बसून हे कुणी तपासलेलं नसतं. एलईडीची नेहमीची चाचणी किमान ६००० तासांची, म्हणजे २५० दिवसांची. त्यावरून पुढचा अंदाज बांधतात आणि नियमाप्रमाणे तो चाचणीच्या सहापटीपलीकडे नेता येत नाही. शिवाय आयुष्य संपलं याचा अर्थ दिवा विझला असा नाही. उजेड ७० टक्क्यांवर आला की कागदोपत्री तो निवृत्त. आणि ही सगळी कुंडली चिपची. घरात आधी जातो तो ड्रायव्हर, त्यातला बिचारा कपॅसिटर. उष्णता १० अंशांनी वाढली की त्याचं आयुष्य साधारण निम्मं होतं, आणि त्याची जागा फॉल्स सीलिंगच्या वर, कोंडलेल्या हवेत. म्हणून दिवा हातात घेऊन वजन बघणं शहाणपणाचं. मागे ओतीव अॅल्युमिनियम असेल तर तो जड लागतो आणि उष्णता बाहेर टाकतो. पत्र्याची चकती आणि प्लॅस्टिक असेल तर हाताला कळतंच. खोक्यावर बीआयएसची खूण आणि 'आर'ने सुरू होणारा नोंदणी क्रमांकही असायला हवा. तो बीआयएस केअर अॅपमध्ये टाकून खरा आहे का ते बघता येतं.

एवढं सगळं बघून घेतलेला दिवाही कधी तरी जातोच, आणि तेव्हा भोकाचा प्रश्न उद्भवतो. ते मॉडेल बंद झालेलं असतं. नव्याचं भोक अर्धा इंच मोठं लागतं किंवा, त्याहून वाईट, अर्धा इंच लहान. मोठं करता येतं. लहान करायला पीओपीवाला लागतो, आणि एका भोकासाठी पीओपीवाला येत नाही. म्हणून जाणकार एकाच लॉटमधले दोन दिवे जास्तीचे घेतात आणि भोकाचं माप मिलिमीटरमध्ये बिलाच्या पाठीवर लिहून ठेवतात.

बिल असेल तर. पैसे द्यायची वेळ आली की दुकानदार आवाज खाली आणून विचारतो, "पक्कं करू की कच्चं?" पक्क्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. दोन तास केल्विन आणि ल्युमेनवर बोललेले गृहस्थ इथे क्षणभरही विचार करत नाहीत. पाच वर्षांच्या वॉरंटीचे बारा दिवे पिशवीत जातात आणि हातात चिठ्ठीचा एक कपटा येतो, त्यावर निळ्या पेनाने लिहिलेलं असतं: 'लाइट १२ नग'. दुकानाचं नाव नाही, तारीख नाही.

"काही झालं तर घेऊन या," दुकानदार म्हणतो. "आपण इथेच आहोत."